गोठलेला निऑन



पोटापाण्याला सॉफ्टवेअर असलं तरी भौतिकशास्त्राची ओढ सुटलेली नाही. जर्मनीत डार्मस्टाटच्या जीएसआय संस्थेत निऑन उणे २४९ अंशांखाली गोठवून त्यावर जड आयनांचा झोत सोडत. बर्फ पूर्ण वितळेपर्यंत पारा हलत नाही, हे सर, तुम्ही दाखवलंत. इथे मात्र सगळी उष्णता सेकंदाच्या सुमारे दहालाखाव्या भागात आत शिरते. पसरायला सवडच नसते. दाब चढतो आणि स्फटिक फुटतो.

आयन थांबण्याच्या बेतात असताना सर्वाधिक ऊर्जा सोडतात. याच गुणाच्या जोरावर तिथे १९९७पासून कर्करोगाच्या गाठींवर उपचारही झाले.

आपल्या शाळेची प्रयोगशाळा आज कुलूपबंद आहे. ती उघडायला, तापमापक घ्यायला वर्गणी काढूया. पहिली माझी.