सेवा बिलात, आतिथ्य मनात



हॉटेलच्या धंद्यात मी बरीच वर्षं काढली. त्यामुळे "आतिथ्य म्हणजे नक्की काय हो?" असं लोक मला हमखास विचारतात. परीटघडीच्या चादरी, हसरा चेहरा, आल्याआल्या हातात सरबत? या सगळ्याचे पैसे बिलात धरलेले असतात. ती झाली सेवा. दारात आलेल्या माणसाची जबाबदारी आपली, असं मनापासून मानणं म्हणजे आतिथ्य.

आपल्या मुंबईचंच उदाहरण घ्या. १९०३ साली सुरू झालेल्या ताजमहाल हॉटेलवर २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री अतिरेकी हल्ला झाला. मागचे जिने, नोकरांची दारं कर्मचाऱ्यांना पाठ होती. तरी आचारी, वेटर, टेलिफोन ऑपरेटर असे कितीतरी जण थांबले. त्यांनी पाहुण्यांना लपवलं, धीर दिला, बाहेर काढताना स्वतःची ढाल केली. त्यात काहींचे प्राण गेले. जनरल मॅनेजर करमबीरसिंग कांग यांची पत्नी आणि दोन मुलगे त्याच इमारतीत दगावले. तरी ते आपल्या कामावरून हलले नाहीत. असलं काही नोकरीच्या करारात लिहिलेलं नसतं!

तेव्हा उद्या तुमच्या लेकानं किंवा लेकीनं "हॉटेल मॅनेजमेंट करायचंय" म्हटलं, तर "म्हणजे वेटर होणार?" म्हणून नाक मुरडू नका. आणि हॉटेलात जेवताना वाढणाऱ्याकडे जरा मान वर करून बघा. पाहुण्यालाही थोडं आतिथ्य यायला हवं, नाही का?