परतीची उंची



कार्यक्रमपत्रिकेत विषय वाचून दोघातिघांनी विचारलं, "ड्रोन म्हणजे युद्धावर बोलणार का?" नाही. लग्नाच्या लॉनवर घोंघावणारा, ट्रेकला गेलेल्या हौशी मंडळींच्या पाठपिशवीतून निघणारा जो ड्रोन आहे, त्याच्याबद्दल मी बोलणार आहे. त्यातही एकाच प्रसंगाबद्दल. पडद्यावरचं चित्र थिजतं, सिग्नल गेल्याची तांबडी सूचना येते, आणि उडवणारा शेजारच्याला सांगतो, "काळजी करू नका, तो आपोआप येतो."

बहुतेक वेळा येतोही. म्हणून तर या विषयावर तासभर बोलावंसं वाटलं. जी सोय दहातल्या नऊ वेळा चालते, तिच्या आत काय आहे हे कोणी उघडून बघत नाही.

एक घटना सांगतो. २१ सप्टेंबर २०१७, न्यूयॉर्क. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेचे दिवस, त्यामुळे शहरावरच्या हवेत तात्पुरते निर्बंध होते. ब्रुकलिनमधल्या एका हौशी माणसाने संध्याकाळी आपला फँटम ४ हा ड्रोन उडवला. निर्बंधांची त्याला कल्पना नव्हती. ड्रोन पाण्यावरून जवळजवळ चार किलोमीटर लांब गेला. एवढ्या अंतरावर ते यंत्र डोळ्यांना दिसणं शक्यच नाही, सगळा भरवसा हातातल्या टॅब्लेटवर. मग त्याने परतीचं बटण दाबलं. ड्रोनने तोंड फिरवलं आणि घरची वाट धरली. थोड्या वेळाने संपर्क तुटला. हा गृहस्थ शांतपणे वाट बघत राहिला, कारण यंत्र परत येणार हे त्याला ठाऊक होतं. अर्धा तास गेला. बिघाड होऊन पाण्यात पडला असावा, असं समजून तो घरी गेला.

पाण्यात पडायच्या आधी तो ड्रोन अमेरिकी लष्कराच्या ब्लॅक हॉक हेलिकॉप्टरवर आदळला होता. पाण्यापासून जेमतेम तीनशे फुटांवर. हेलिकॉप्टरच्या मुख्य पात्याला दीड इंचाचा पोचा आला, पण ते सुखरूप उतरलं. त्यात अडकलेली ड्रोनची एक मोटर सापडली, तिच्यावरच्या क्रमांकावरून उत्पादकाच्या नोंदी निघाल्या आणि त्यावरून मालक. तपास यंत्रणेचा फोन येईपर्यंत आपल्या ड्रोनचं काय झालं हे त्याला माहीतही नव्हतं. नजरेच्या टप्प्याबाहेर जाणूनबुजून उडवल्यामुळे हेलिकॉप्टर दिसलं नाही आणि टाळता आलं नाही, हे टकरीचं कारण म्हणून अहवालात नोंदलं गेलं.

मला या प्रकरणात खटकते ती एक गोष्ट. परतीची यंत्रणा बिघडलेली नव्हती. तिला सांगितलेलं काम ती करत होती. समोरून हेलिकॉप्टर येतंय का हे बघणं त्या कामात नव्हतं. त्या ड्रोनच्या पुढच्या संवेदकांना काही मीटरपलीकडचं दिसत नाही, तेही भिंत किंवा झाड असेल तर.

आता जरा यंत्राच्या पोटात शिरू. लोक दोन गोष्टींची गल्लत करतात. "सिग्नल गेला" म्हणतात तेव्हा रिमोट आणि ड्रोन यांच्यातला रेडिओ संपर्क तुटलेला असतो. हा संपर्क साधारणपणे २.४ किंवा ५.८ गिगाहर्ट्झवर चालतो. जीपीएसची भानगड पूर्ण वेगळी. वीस हजार किलोमीटरवरच्या उपग्रहांचे संदेश ड्रोन फक्त ऐकतो आणि आपण कुठे आहोत याचा हिशेब स्वतःच करतो. रिमोट मेला तरी जीपीएस शाबूत असेल तर तो परत येऊ शकतो. उलट झालं, म्हणजे रिमोट चालू आणि जीपीएस गायब, तर परतीचं बटण कितीही दाबा. यंत्राला जागाच कळत नाही, ते वाऱ्यासोबत वाहत जातं आणि हाताने आणावं लागतं. नेमका तोच सराव आपल्याकडे कोणी करत नाही.

२.४ गिगाहर्ट्झची लहर साधारण साडेबारा सेंटिमीटरची. आकाशवाणीच्या मध्यम लहरी शेकडो मीटर लांबीच्या, त्या डोंगराला वळसा घालून खेड्यात पोचतात. आपली ही वीतभराहून आखूड लहर कातळापुढे हात टेकते. ओल्या पानांत जिरते. उडवणाऱ्याने ड्रोनकडे पाठ केली तर त्याच्याच शरीराच्या आड अडते. आणि अँटेना! कंट्रोलरच्या काड्या ड्रोनवर बंदूक रोखल्यासारख्या धरणारे किती तरी जण मी पाहिलेत. काडीच्या टोकाच्या दिशेनेच सर्वांत कमी शक्ती बाहेर पडते. तिची लांब बाजू ड्रोनसमोर यायला हवी. सिग्नल जातो तेव्हा पुष्कळदा दोन पावलं बाजूला सरकून रिमोट नीट धरला, तरी काम होतं.

तेही झालं नाही, तर काही सेकंद थांबून ड्रोन परतीचा मार्ग धरतो. मार्ग कसला? दोन नोंदी. उड्डाणाच्या वेळी, उपग्रह पुरेसे मिळाल्यावर टिपलेली जागा, तिला होम पॉइंट म्हणतात. आणि परतीची उंची, म्हणजे ॲपच्या एका कोपऱ्यात आपण भरलेला, किंवा बहुधा न भरलेला, आकडा. ड्रोन त्याहून खाली असेल तर आधी त्या उंचीला जातो, मग होम पॉइंटकडे सरळ रेषेत येतो, मग खाली उतरतो. काही मॉडेल आल्या वाटेने थोडं मागे येऊन मग चढतात. बस्स, एवढंच. हवेत कसलाही विचार होत नाही. जो काय निर्णय व्हायचा तो तुम्ही जमिनीवर उभे असताना झालेला असतो.

आणि ती उंची मोजली जाते उड्डाणाच्या जागेपासून, हवेच्या दाबावरून. समुद्रसपाटीशी किंवा खालच्या जमिनीशी तिचा संबंध नाही. सपाट प्रदेशात हे चालून जातं, सह्याद्रीत नाही. तुम्ही पठारावर उभे आहात, परतीची उंची तीस मीटर, आणि ड्रोन समोरच्या ऐंशी मीटर उंच टेकडीमागे गेला. सिग्नल जाणारच, टेकडी मध्ये आहे. तो तीस मीटरवर चढेल आणि टेकडीच्या अंगात शिरेल. संवेदक असले, तर कदाचित तिच्यापुढे तरंगत बसेल, बॅटरी संपेपर्यंत.

याहून अवघड जागा कड्याची. हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा घ्या. तो अभयारण्यात आहे आणि वन खात्याच्या परवानगीशिवाय तिथे ड्रोन काढू नये. मी फक्त त्याच्या आकाराबद्दल बोलतोय. माथा पुढे झुकलेला, पोट आत गेलेलं. कड्यावर उभं राहून ड्रोन समोरच्या दरीत नेला आणि खाली उतरवला, की पडद्यावर उंचीच्या जागी उणे आकडा दिसू लागतो. उणे दहा, उणे चाळीस. चित्र फार सुंदर येतं, म्हणून माणूस आणखी खाली जातो, आणखी आत जातो. तेवढ्यात कड्याची धार मध्ये येते आणि संपर्क तुटतो. आता आज्ञा काय? परतीच्या उंचीवर जा. म्हणजे उणे चाळीसपासून अधिक तीसपर्यंत, सत्तर मीटर सरळ वर. आणि वर आहे पुढे आलेला कातळ. शिवाय अर्धं आकाश कड्याने झाकलेलं, त्यामुळे दिसणारे उपग्रह कमी आणि दगडावरून परावर्तित होऊन येणारे संदेश फसवे. यंत्राला आपली जागा काही मीटरने चुकीची वाटू शकते. कड्यापासून काही मीटरवर असताना एवढी चूक पुरते.

मंडपात असंच होतं. कापडी छतातून जीपीएसचे संदेश आरपार येतात, त्यामुळे ड्रोन स्वतःला मोकळ्या आकाशाखाली समजतो. शेकडो मोबाइल आणि वाय-फायच्या गर्दीत रिमोटचा संपर्क तुटला, की तो आज्ञेप्रमाणे वर निघतो, थेट झालरी आणि झुंबरांत. खाली अक्षता घेऊन उभे असलेले पाहुणे. अशा ठिकाणी, सिग्नल गेल्यास 'परत ये' ऐवजी 'जागच्या जागी थांब' किंवा 'खाली उतर' अशी सूचना आधी निवडता येते. कित्येक ॲपमध्ये हा पर्याय असतो. तो बघितलेला ड्रोनवाला मला क्वचितच भेटलाय.

मालवणला होडीतून ड्रोन उडवणाऱ्यांचं वेगळंच. होम पॉइंट होडीच्या तेव्हाच्या जागेवर नोंदला जातो, होडी पुढे सरकते. ड्रोन इमानदारीने परत येतो आणि समुद्रावर उतरायला लागतो. हलता होम पॉइंट ठेवण्याची सोय काही यंत्रांत आहे, पण ती आठवणीने चालू करावी लागते.

वाऱ्याचा हिशेब तर कोणीच करत नाही. समजा ड्रोनचा परतीचा वेग सेकंदाला दहा मीटर आणि वारा सेकंदाला सात मीटर. वाऱ्याबरोबर जाताना एक किलोमीटर मिनिटभरात कापला जातो. येताना वारा समोरून, उरले सेकंदाला तीन मीटर. त्याच किलोमीटरला साडेपाच मिनिटं. बॅटरी अर्धी उरली म्हणून निर्धास्त असलेला माणूस इथे फसतो. परतीची उंची वाढवून ठेवणं टेकड्यांसाठी शहाणपणाचं, पण वर वारा जास्त. घाटमाथ्यावर तर खालून उसळणारा वारा पावसाळ्यात धबधबे उलटे फेकतो. पाव किलोच्या प्लास्टिकची काय कथा! आणि बॅटरी अगदी तळाला गेली, की यंत्र परतीचा नाद सोडून असेल तिथे उतरतं. खाली रस्ता असो, विहीर असो.

विषयांतर वाटेल, पण सांगतो. रिमोट येण्याआधी हौशी लोक विमानाची मॉडेल मोकळी सोडत. उन्हाने तापलेल्या हवेच्या वर चढत्या झोतात सापडलं, की ते महिनोन्महिने खपून केलेलं मॉडेल दिसेनासं होई. त्यावर त्यांनी सावकाश जळणाऱ्या वातीचा उपाय काढला. वात जळत जळत एका रबरबँडपर्यंत पोचायची, तो तुटला की शेपटीचा पंख वाकडा व्हायचा आणि विमान डुलत खाली यायचं. किती मिनिटं उडू द्यायचं हे वात किती लांब कापली यावर. कापायची ती सोडण्याआधी, हवामान बघून. २०१३ मध्ये पहिला फँटम आला आणि जीपीएसवर घरी परतणारं यंत्र कोणालाही दुकानात विकत मिळू लागलं. वात कापायचं काम मात्र राहिलंच, फक्त ते सेटिंग्जच्या तिसऱ्या पानावर गेलं.

माझं स्पष्ट मत असं, की या सोयीने हौशी माणसाला एक किलोमीटर जास्त धाडस दिलं आणि अक्कल तेवढीच ठेवली. ही सोय नव्हती तेव्हा लोक ड्रोन डोळ्यांसमोर ठेवत, कारण भीती होती.

आता कायद्याचं थोडक्यात. आपल्याकडे ऑगस्ट २०२१ पासून ड्रोन नियम लागू आहेत. २५० ग्रॅमपर्यंतचा तो नॅनो. त्याला परवाना लागत नाही. बाजारात दिसणारी २४९ ग्रॅमची यंत्रं यातच बसतात. सरकारी नकाशावरच्या हिरव्या पट्ट्यात १२० मीटर, म्हणजे ४०० फुटांपर्यंत उडवता येतं. विमानतळाभोवतीच्या पट्ट्यांचे नियम वेगळे, नकाशा डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावर मिळतो. परतीची उंची भरताना ही मर्यादाही ध्यानात हवी.

शेवटी, सगळं करूनही तो आला नाही तर? रिमोट आणि ॲप बंद करू नका. शेवटची नोंदलेली जागा, उंची आणि वेळ यांचं पडद्यावरचं चित्र टिपून ठेवा. नकाशावरचा तो शेवटचा ठिपका म्हणजे संपर्क तुटला ती जागा, ड्रोन पडला ती नव्हे. त्यामुळे शोध तिथून होम पॉइंटकडे येणाऱ्या सरळ रेषेवर घ्या. जवळ गेल्यावर पुन्हा संपर्क लागला, तर बऱ्याच यंत्रांना ॲपमधून शिट्टी वाजवता येते. दोर आणि जाणकार सोबत असल्याशिवाय कड्यावर उतरू नका. आणि कोणाला इजा झाली असेल, तर ४८ तासांच्या आत डिजिटल स्कायवर अपघाताची नोंद करावी लागते.

आता प्रश्न घेऊ. मागच्या रांगेतल्या मुलाने मघापासून हात वर केलाय, त्याच्यापासून सुरुवात करू.