दान, हक्क आणि आरोग्य
(नांदेड येथील सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



ज्यांच्या घरी आजारपणापायी कधीही कर्ज झाले नाही, त्यांनी हात वर करावा, असे मी म्हटले, तर या सभेत किती हात वर येतील? फारच थोडे. आजार गरिबाच्या घरात एकटा येत नाही. तो सावकाराला सोबत घेऊन येतो. म्हणूनच धर्मादाय संस्था, प्रतिष्ठाने आणि त्यांची रुग्णालये यांचा प्रश्न आपल्याला परका नाही. या संस्था आपले काय भले करतात, त्यांच्याकडून काय मागण्याचा आपल्याला अधिकार आहे, आणि कोणती गोष्ट त्यांच्याकडून होणे शक्य नाही, या तीन प्रश्नांचा आज विचार करावयाचा आहे.

प्रथम किल्लारीची आठवण करू. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे लातूर व उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यांत भूकंप झाला आणि सुमारे आठ हजार माणसे दगडमातीच्या भिंतींखाली गेली. त्या वेळी देशातून व परदेशांतून मदतीचा ओघ लागला. अनेक संस्थांनी गावे बांधून दिली, दवाखाने उघडले. त्यांचे ऋण नाकारणे हा कृतघ्नपणा ठरेल. परंतु घरांचे माप कसे ठरले, ते पाहा. पूर्णपणे नव्या जागी वसवावयाच्या गावांसाठी शासनाच्या पुनर्वसन योजनेत जमिनीच्या मालकीवरून तीन वर्ग पाडण्यात आले. भूमिहीनाला आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असणाऱ्याला २५० चौरस फूट, सात हेक्टरपर्यंत जमीन असणाऱ्याला ४५० चौरस फूट, आणि त्याहून मोठ्या जमीनदाराला ७५० चौरस फूट. भूकंपाने वाडा आणि झोपडी दोन्ही एका क्षणात सारखीच केली होती. पुनर्वसनाने त्यांच्यातील अंतर पुन्हा मोजून दिले. मराठवाड्यात भूमिहीन कोण आहे, हे या सभेला सांगावयास नको. मदत देणाऱ्याच्या मनात दया होती, यात शंका नाही. परंतु दयेने समतेचा प्रश्न विचारला नाही, तर ती जुनी विषमताच नव्या विटांत बांधून देते.

याच्या उलट उदाहरण आपल्या शेजारच्या अहमदनगर, आजच्या अहिल्यानगर, जिल्ह्यातील जामखेडचे आहे. डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० साली तेथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. औषधाच्या बाटलीने रोग तात्पुरता हटतो, परंतु त्याचे मूळ घाणेरड्या पाण्यात, अर्धपोटी राहण्यात आणि जातिभेदात असते, हे त्यांनी ओळखले. म्हणून कूपनलिकांचे हातपंप त्यांनी बुद्धिपुरस्सर दलित वस्तीत बसविले. ज्यांना स्वच्छ पाणी हवे होते, त्यांना त्या वस्तीत यावे लागले. १९२७ साली महाडच्या तळ्यावर बाबासाहेबांनी जो प्रश्न उभा केला, तोच येथे एका हातपंपाने वेगळ्या रीतीने विचारला. त्याच प्रकल्पाने खेड्यांतील स्त्रियांना, त्यांत अनेक निरक्षर व दलित स्त्रियांना, आरोग्यसेविकेचे शिक्षण दिले. ज्या स्त्रीची सावली टाळली जात होती, तिच्याच हातून गावातील बाळंतपणे होऊ लागली. रोग आणि अस्पृश्यता यांच्यावर एकाच वेळी घाव घातला गेला. धाराशिव जिल्ह्यातील अणदूर येथे हॅलो मेडिकल फाउंडेशनने गावोगावच्या स्त्रियांना ‘भारतवैद्य’ म्हणून शिकवून तयार केले, ते कार्यही याच वाटेवरचे आहे. जी संस्था आपल्या माणसांना कायमचे याचक ठेवते, तिचे काम अपुरे आहे. जी त्यांच्या हाती ज्ञान देते, तिचेच काम टिकते.

आता दुसरा प्रश्न. धर्मादाय रुग्णालयात गरिबाला जी सवलत मिळते, ती विश्वस्तांची कृपा आहे, असे आपले लोक समजतात. ही समजूत चुकीची आहे. धर्मादाय संस्थेला करात सूट मिळते; कित्येकींना जमीन व इतर सवलतीही शासनाकडून मिळालेल्या असतात. ही सूट कोणाच्या खिशातून जाते? तुमच्या आणि माझ्या. काडेपेटी घेणारा मजूरसुद्धा कर भरतो. तेव्हा धर्मादाय संस्था ही समाजाची ऋणको आहे, आणि कायद्यानेही तेच मान्य केले आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाचे कलम ४१कक आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने २००६ पासून अमलात आलेली योजना यांनुसार धर्मादाय रुग्णालयाने १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि आणखी १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दराने राखून ठेवल्या पाहिजेत. इतर रुग्णांच्या एकूण देयकांतून २ टक्के रक्कम निर्धन रुग्णांच्या निधीत जमा केली पाहिजे. जीव धोक्यात असलेल्या निर्धन रुग्णाला तात्काळ दाखल करून घेतले पाहिजे, आणि त्याच्याकडे अनामत रक्कम मागता येत नाही.

हा कायदा कागदावर आहे. तो खाटेपर्यंत कोण नेणार? ज्याला त्याची माहिती नाही, तो शेळी विकून अनामत भरतो आणि वर हात जोडून आभार मानतो. म्हणून माझी सूचना अशी की, प्रत्येक वस्तीतील दोन शिकलेल्या तरुणांनी हे काम आपल्या अंगावर घ्यावे. आपल्या जिल्ह्यातील धर्मादाय रुग्णालयांची यादी मिळवावी. आजार येण्यापूर्वीच तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला व शिधापत्रिका तयार ठेवण्यास लोकांना सांगावे. रुग्णालयात गेल्यावर राखीव खाटांची चौकशी करावी, आणि नकार मिळाल्यास धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाकडे लेखी तक्रार करावी. भांडण करू नये, विनवणीही करू नये. कायद्याचे कलम सांगावे आणि उत्तर लेखी मागावे.

तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. प्रतिष्ठाने कितीही चांगली असली, तरी ती शासनाची जागा घेऊ शकत नाहीत. २०२३ सालच्या सप्टेंबरअखेरीस व ऑक्टोबरच्या आरंभी याच नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात चोवीस तासांत चोवीस रुग्ण दगावले. त्यांत बारा नवजात अर्भके होती. उच्च न्यायालयाने त्या घटनेची स्वतःहून दखल घेतली. ती बालके कोणाची होती? जेथे पैसे मोजून जाता येते, तेथे जाण्याची ज्यांची ऐपत होती, त्यांची ती बहुधा नसावीत. सरकारी रुग्णालय हे गरिबाचे शेवटचे दार आहे. ते मोडकळीस येऊ द्यावयाचे आणि देणगीदारांच्या औदार्याची स्तुती करावयाची, हा न्याय नव्हे. देणगीदाराचे मन बदलते, त्याचा निधी आटतो. नागरिकाचा हक्क मात्र कोणाच्या मर्जीवर आटता कामा नये. १९२८ साली मुंबई विधिमंडळात प्रसूती-लाभाच्या विधेयकाला बाबासाहेबांनी पाठिंबा दिला, तेव्हा मातेला मिळणारी विश्रांती ही राष्ट्राच्या हिताची बाब आहे, म्हणून तिचा भार शासनानेही उचलला पाहिजे, अशी त्यांची भूमिका होती. मजूर स्त्रीवर दया करा, असे ते म्हणाले नाहीत.

मग आपण दान करावयाचे नाही काय? अवश्य करावयाचे. एका आजारी भिक्षूकडे त्याचे सोबती दुर्लक्ष करीत होते. भगवान बुद्धांनी आनंदाला बरोबर घेऊन त्याला स्वतः अंघोळ घातली, बिछान्यावर निजविले आणि रुग्णाची सेवा हीच आपली सेवा होय, असे भिक्षूंना शिकविले. त्यांनी त्या रुग्णावर उपकार केला नाही. संघाला त्याच्या कर्तव्याची जाणीव दिली. बाबासाहेबांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि १९५० साली औरंगाबादेत महाविद्यालय उघडले, त्यामागेही हीच दृष्टी होती. शिकून उभा राहिलेला विद्यार्थी उद्या दुसऱ्याला उभे करील, असे ते दान होते.

आपल्या विहारांतही आठवड्यातून एक दिवस कागदपत्रांसाठी आणि रुग्णांच्या सोबतीसाठी राखून ठेवा. आपली वर्गणी थोडी असेल; पण रात्री दोन वाजता रुग्णाबरोबर शहरात जाणारा एक जाणता माणूस मोठ्या देणगीइतकाच मोलाचा आहे. जे दान घ्याल, ते मान खाली घालून घेऊ नका. जे द्याल, ते दुसऱ्याची मान खाली घालावयास लावून देऊ नका. आणि जो हक्क आहे, त्याला दान म्हणू नका. एवढे सांगून मी आपली रजा घेतो.

जयभीम!