उष्म्याचे बळी

महापूर आला की गावोगाव हाहाकार उडतो. उष्म्याचे बळी मात्र निमूटपणे जातात. मृत्यूच्या नोंदीत बहुधा हृदयविकार, ताप किंवा वार्धक्य एवढेच लिहिलेले असते. म्हणून त्यांची गणती निराळ्या रीतीने करावी लागते. २०१० च्या मे महिन्यात अहमदाबादेत पारा ४६.८ अंशांवर चढला. त्या महिन्यातील मृत्यूंची तुलना २००९ व २०११ च्या मे महिन्यांशी केली, तेव्हा १,३४४ मृत्यू अधिक झाल्याचे आढळले.

शरीराचे तापमान ३७ अंशांच्या आसपास राखण्यासाठी घाम सुटतो, रक्त त्वचेकडे धावते आणि हृदयावर भार पडतो. पाणी व सावली लाभली नाही, की ही व्यवस्था कोसळते. त्यातच मोटारींच्या धुरावर प्रखर ऊन पडले, म्हणजे ओझोन वायू तयार होतो आणि तो फुप्फुसांना जाचतो.

या शहरातील एका रुग्णालयाने वरच्या मजल्यावरील प्रसूतिकक्ष तळमजल्यावर हलविला, आणि उष्म्याने आजारी पडणाऱ्या नवजात अर्भकांची संख्या घटली. पुढे २०१३ मध्ये महानगरपालिकेने उष्म्याविरुद्ध योजनाच आखली. आगाऊ इशारे, पाण्याची सोय, वैद्यकीय सेवकांचे शिक्षण, असे तिचे उपाय साधेच होते.

पृथ्वीचे तापमान वाढत असल्याने असे उन्हाळे यापुढे वारंवार येणार. पाणपोई घालणे हे आपल्याकडे पुण्यकर्म मानले गेले. आता ते नगरशासनाचे कर्तव्य ठरले आहे. रस्त्यावर डांबर पसरणाऱ्या मजुराला भर दुपारी विश्रांती देणे हेही त्याच कर्तव्यात मोडते.