मागच्या दिव्यातील पाणी



मोटारीचे पुढचे दिवे आपली वाट उजळतात; मागचा लाल दिवा मात्र मागून येणाऱ्या अनोळखी माणसासाठी जळतो. गाडी हाकताना मालकाला तो दिसत नाही आणि म्हणूनच कदाचित त्याची उपेक्षाही फार होते. स्नेहलतागंजाच्या गल्ल्यांतून श्रावणातील एखाद्या सकाळी फिरून पाहावे. धक्का लागून मूळ दिवा फुटला म्हणून बाजारातील स्वस्त दिवा बसविलेली गाडी ओळखण्यास फार वेळ लागत नाही. लाल भिंगाच्या आत थेंब जमलेले असतात. एखाद्यात तर बोटभर पाणी साचलेले असते आणि गाडी हलली की तेही हलते.

यावर कोणीही सहज सांगतो, ‘सिलिकॉन मारून टाका.’ मला सांगावयाचे आहे ते इतकेच की, पाणी कोठून येते हे शोधल्यावाचून सिलिकॉन लावणे म्हणजे दुखणे न ओळखता औषध देणे होय.

दिव्यात पाणी शिरते कसे? केवळ पाऊस वरून पडतो म्हणून नव्हे. दिवा लागला की आतील हवा तापते. ती सत्तावीस अंशांवरून सत्तावन्न अंशांवर गेली, तर तिचे आकारमान एक दशांशाने वाढते आणि तेवढी हवा बाहेर पडते. मग पावसाची सर येते, दिवा निवतो, हवा आकसते आणि बाहेरचे काही तरी आत ओढले जाते. जोडावर बारीकशी फट असेल व तिच्यावर पाणी उभे असेल, तर हवेऐवजी ते पाणीच आत जाते. दिवा श्वास घेतो असे म्हटले तरी चालेल.

हे ओळखूनच चांगल्या दिव्यांना खालच्या अंगाला किंवा पाठीमागे श्वासाची वाट ठेवलेली असते. कोठे ती वाकडी नळी असते, कोठे वाफ जाऊ देणारा पण पाण्याचा थेंब अडविणारा पातळ पडदा असतो. उत्साहाच्या भरात माणूस दिव्याच्या चारी बाजूंना सिलिकॉन फासतो आणि ही वाटही बुजवितो. परिणाम असा की, आतील ओल आतच राहते आणि हवेचा सारा ताण जोडावर येऊन नवी फट पडते.

आता शोध कसा घ्यावा? भिंगावरचे पुसट धुके दिवा काही वेळ लागल्यावर नाहीसे होत असेल, तर काळजी नको. ते चांगल्या दिव्यातही येते. थेंब टिकून राहिले किंवा पाणी साचले, तर मात्र गळती आहे असे समजावे. दिवा काढून, बल्ब व होल्डर बाजूस ठेवून, आतील पाणी ओतावे आणि दिवा पुरता वाळू द्यावा. मग सर्व छिद्रे चिकटपट्टीने बंद करून एकात रबरी नळी बसवावी, जोडावर साबणाचा फेस लावावा आणि नळीतून हलकेच फुंकावे. जेथे बुडबुडा फुगतो, तेथेच चोर आहे. बहुधा तो भिंग आणि पाठीचा डबा यांच्या जोडावर, कोपऱ्यात सापडतो. तेथे न सापडल्यास होल्डरचे रबर किंवा वायरीची वाट तपासावी.

फट सापडली की ती जागा साबणाच्या पाण्याने धुऊन कोरडी करावी. पेट्रोल वा थिनर लावू नये. त्याने प्लॅस्टिकच्या भिंगास बारीक तडे जातात. सिलिकॉनही पारखून घ्यावे. ज्याला शिरक्याचा आंबट वास येतो, ते वाळताना आम्ल सोडते व आतील धातू गंजविते. दिव्यासाठी ‘न्यूट्रल’ प्रकारचे घ्यावे. त्याची अखंड रेघ ओढावी, बोटाने दाबावी आणि चोवीस तास दिव्याला हात लावू नये. श्वासाची वाट उघडी ठेवण्यास विसरू नये.

एक दुसरी गळतीही आहे. दिवा आतून कोरडा, पण डिकीतील गालिचा ओला, असे असेल तर दोष दिवा आणि पत्रा यांमधील गॅस्केटचा. बाजारी दिव्याचा आकार पत्र्याच्या वळणाशी नेमका जुळत नाही, म्हणून स्पंजाची पट्टी एकीकडे दबते व दुसरीकडे सुटी राहते. स्टेपनीच्या खळग्यात हात घालून पाहावा. पाणी तेथे गुपचूप साचते. अशा वेळी नवी पट्टी बसवून सर्व नट थोडेथोडे, आळीपाळीने आवळावेत. एकच नट ताकदीने पिळला, तर प्लॅस्टिक तडकते.

एवढ्या खटाटोपाची गरज काय, असे कोणी विचारील. बल्बच्या दिव्यात बहुधा एकाच बल्बमध्ये दोन तारा असतात. पाच वॅटची रात्रीसाठी व एकवीस वॅटची ब्रेकसाठी. ओलीने होल्डर गंजला की कधी एक तार लागत नाही, कधी ब्रेक दाबताच भलताच दिवा लुकलुकतो. आणि हे मालकास कळत नाही! केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ प्रमाणे मागचा लाल दिवा १५५ मीटरांवरून दिसला पाहिजे. ताशी ६० किलोमीटर वेगाने येणारी गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर धावते. म्हणजे मागच्या चालकास सावध होण्यासाठी नियमाने नऊ सेकंद दिले आहेत. खंडव्याच्या रस्त्याने, भर पावसात, भेरूघाट उतरणाऱ्या ट्रकचालकास ते नऊ सेकंद किती मोलाचे, हे त्यालाच विचारावे. आपल्या गंजलेल्या दिव्याने आपण त्याच्या वाट्याचे सेकंद हिरावून घेत असतो.

तेव्हा मृगाचा पाऊस येण्यापूर्वी एका संध्याकाळी घरातील कोणास तरी गाडीमागे उभे करावे, स्वतः ब्रेक दाबावा आणि दोन्हीकडचे दिवे लागले की नाही हे विचारावे. पावसाळ्यात महिन्यातून एकदा हेच पुन्हा करावे. आपल्याला न दिसणारा दिवा दुसऱ्याच्या डोळ्यांनीच तपासावा लागतो.