डाव्या पायाची सुटका

भंडाऱ्याहून लाखनीकडे निघालात की महामार्गावर गडेगाव लागते. तिथला अशोक लेलँडचा कारखाना १९८२ साली सुरू झाला आणि धानाच्या बांध्यांशेजारी अवजड गाड्यांचे सिंक्रोमेश गिअरबॉक्स तयार होऊ लागले. त्याआधीच्या कित्येक ट्रकांत गिअर बदलताना क्लच दोनदा दाबावा लागे. चाकांचा वेग जुळला नाही की दाते करकरत. सिंक्रोमेशमध्ये एक लहानसे कडे आधी घासून दोन्हींचा वेग सारखा करते, मगच दाते बसतात. हे कडे बहुधा पितळेचे असते. पितळी भांड्यांच्या आमच्या गावाला हे ऐकून बरे वाटावे.

माझे मामू तसलाच जुना ट्रक चालवीत. "गाडी खुद गिअर मांगती, बेटा," म्हणायचे. इंजिनाचा आवाज जरा जड झाला की त्यांचा हात आपसूक दांड्याकडे जाई. ओळीत मात्रा कुठे तुटली ते कान सांगतो, तसेच ते. मात्र म्हातारपणी त्यांचा डावा गुडघा गेला, हेही सांगायला हवे.

गिअर आपोआप बदलणाऱ्या मोटारी जगात फार पूर्वी आल्या. आपल्याकडे त्या श्रीमंतांच्या मानल्या गेल्या, कारण त्या पेट्रोल जास्त पीत. एक पंखा चालू करून समोर दुसरा बंद पंखा ठेवा, वाऱ्याने तोही फिरू लागतो. जुन्या ऑटोमॅटिकमध्ये इंजिन आणि गिअर यांचे नाते असेच, फक्त वाऱ्याच्या जागी तेल. दुसरा पंखा थोडा मागे राहतो आणि तेवढी शक्ती तेल तापवण्यात जाते. पुढे अभियंत्यांनी ठराविक वेगानंतर दोन्ही पंखे एकमेकांना जखडून टाकणारा क्लच बसवला, गिअरांची संख्याही वाढवली. पण किंमत चढीच राहिली.

२०१४ साली मारुतीच्या सेलेरिओने वेगळी वाट धरली. गिअरबॉक्स साधाच, नेहमीच्या क्लचचा. क्लच दाबण्याचे आणि गिअर टाकण्याचे काम तेवढे संगणकाच्या हुकमाने चालणाऱ्या यंत्रणेकडे दिले. याला एएमटी म्हणतात. तेलातली गळती नाही, म्हणून हाताने गिअर बदलायच्या आणि या, दोन्ही गाड्यांचा अधिकृत आकडा एकच निघाला: लिटरमागे २३.१ किलोमीटर. रस्त्यावर तो सहसा मिळत नाही, ही गोष्ट वेगळी! शिवाय संगणक वरचा गिअर लवकर टाकतो. कमी फेऱ्यांत जास्त ओझे ओढणाऱ्या इंजिनात इंधन कमी वाया जाते.

खोट एकच. गिअर बदलताना क्लच सुटतो तेव्हा गाडी क्षणभर दम खाते, मान किंचित पुढे झुकते. त्यावर दोन क्लचचा उपाय आहे. एक क्लच गिअर ओढत असतो तेव्हा दुसऱ्यावर पुढचा तयार असतो. टाटा मोटर्सने २०२२ मध्ये अल्ट्रोझला तो दिला. पैसे अर्थातच जास्त. मला विचाराल तर तो झटका मी सोसेन. ज्यांचा डावा पाय अधू आहे, अशा किती जणांना या स्वस्त यंत्रणेने पहिल्यांदा चालकाच्या जागेवर बसवले असेल!

आता विजेच्या मोटारी आल्या. त्यांतल्या बहुतेकींना एकच गिअर असतो. आयटीआयमध्ये यंत्रकाम शिकणाऱ्या आमच्याकडच्या पोरांचे बाप मला विचारतात, मग पोरांनी पुढे करायचे काय? विजेच्या काही अवजड ट्रकांत आजही अनेक गिअर असतात. आणि मोटारीतला तो एक गिअरही चुकवता येत नाही. विजेची मोटर मिनिटाला हजारो फेरे घेते, रस्त्यावरच्या चाकाला तेवढे परवडत नाहीत. मध्ये दाते कापलेले चाक लागतेच.