लहान तोंडीं मोठा शब्द



माझी नात चार वर्षांची आहे. गेल्या पावसाळ्यांत एके दिवशीं ती खिडकींत उभी होती. समोर रस्त्याच्या मधोमध एक म्हैस भर पावसांत रवंथ करीत बसली होती. मोटारी कर्णे वाजवीत होत्या, पण ती तसूभरहि ढळत नव्हती. नात गंभीरपणें म्हणाली, "आजोबा, म्हैस स्थितप्रज्ञ आहे."

आदल्या रात्रीं गीतेच्या दुसऱ्या अध्यायाविषयीं मी एका स्नेह्यांशीं बोलत होतों. ही कोपऱ्यांत भातुकलींत गुंग आहे, असा माझा समज होता.

मी हंसलों. घरांतलीं सारींच हंसलीं. मग पाहुणे आले कीं, "म्हैस कशी असते, सांग बरें!" म्हणून तिला पुढें करण्याची चाल पडली. पांचव्या दिवशीं तिनें तो शब्द टाकला. कोणीं विचारलें तर म्हणे, "नुसती बसलेली असते."

ही चुटपुट मला अजून आहे; कारण तिचें चुकलें तरी कोठें होतें? ऊन-पाऊस, निंदा-स्तुति यांनीं जो हालत नाहीं त्याला आपण काय म्हणतों? अर्थाचें एक टोंक तिच्या हातीं आलेंच होतें. सुसान केरी आणि एल्सा बार्टलेट या अमेरिकन विदुषींनीं १९७८ सालीं प्रसिद्ध केलेला एक प्रयोग मोठा मौजेचा आहे. तीन-चार वर्षांच्या मुलांना त्यांनीं दोन तबकें दाखविलीं, एक निळें, दुसरें ऑलिव्ह फळासारखें हिरवट. मग सहज सांगितलें, "तें क्रोमियम तबक आण, निळें नव्हे, क्रोमियम." मुलांनीं बरोबर हिरवट तबक आणलें, आणि त्या एकदांच ऐकलेल्या शब्दाची कांहीं खूण कित्येकांच्या मनांत पुढेंहि राहिली. आधीं शब्द धरावयाचा, अर्थ सावकाश भरावयाचा, अशी ही रीत.

शिवाय जिभेचें सुख आहेच. जोडाक्षर उच्चारणें म्हणजे मुलाला उंबरठ्यावरून उडी मारण्यासारखें वाटतें. आपल्या आज्या निरक्षर असत, पण भारतांतल्या गोष्टी सांगतांना एकहि नांव त्यांनीं सोपें करून दिलें नाहीं.

परवां गोष्टींत धृष्टद्युम्न आला. नातीनें तें नांव माझ्याकडून सहा वेळां म्हणवून घेतलें. मग स्वतः म्हटलें. 'द्यु'पाशीं अडखळली आणि चटकन् माझ्या तोंडाकडे पाहूं लागली. मी हंसलों नाहीं. तिनें पुन्हां म्हटलें.